मुलाची स्मरणशक्ती वाढवण्याचा क्लास लावावा का?

गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका वडिलांनी विचारलंय: "मुलगा सातवीत आहे. बारा पूर्ण व्हायला चार महिने. प्राथमिक शाळा मराठीतून झाली, पाचवीपासून इंग्रजी. वाचलेलं लक्षात राहत नाही, तीन कामं सांगितली तर एक करून येतो, गणितात अर्ध्यावर हरवतो. मोबाईलवर मात्र दोन-दोन तास मान वर करत नाही. इथे ब्रेन ट्रेनिंगचा एक क्लास आहे. मेंदू बाराव्या वर्षापर्यंतच घडतो, नंतर काही उपयोग नाही, असं ते सांगतात. फी अठरा हजार, या रविवारपर्यंत भरली तर चौदा. लावू का?"

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. पहिली नऊ वर्षं पक्षाघाताच्या रुग्णांबरोबर काम केलं, गेली चौदा वर्षं फोंड्यात मुलांना तपासते. थोड्याफार फरकाने हा प्रश्न माझ्याकडे दर आठवड्याला येतो. आधी सरळ उत्तर देते: पैसे भरू नका. का, ते सांगायला वेळ लागेल, कारण तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. बाराव्या वर्षानंतर मेंदू शिकायचा थांबतो का? स्मरणशक्ती व्यायामाने वाढते का? आणि तुमच्या मुलाचं नेमकं कुठे अडतंय? खरा प्रश्न तिसरा. मुलाला न बघता त्याचं उत्तर कुणीही देऊ नये, मीही देणार नाही. पण ते शोधायचं कसं, एवढं नक्की सांगता येईल.

आधी बारा वर्षांची भीती काढून टाकू. त्या सांगण्यात सत्याचा एक तुकडा आहे, म्हणून ते पटतं. ह्यूबल आणि वीझल या शास्त्रज्ञांनी मांजराच्या पिल्लांचा एक डोळा काही काळ बंद ठेवला. नंतर तो उघडला तरी मेंदू त्या डोळ्याचं ऐकेना. या कामासाठी त्यांना १९८१ साली नोबेल मिळालं. लहान मुलाचा एक डोळा आळशी असेल तर डॉक्टर उपचाराची घाई करतात ती यामुळेच. भाषेचे उच्चारही लहानपणी जसे बसतात तसे पुढे बसत नाहीत. म्हणजे काही खिडक्या लवकर बंद होऊ लागतात हे खरं. पण धडा लक्षात ठेवणं, गणित सोडवणं, नवं कौशल्य शिकणं यांची खिडकी बाराव्या वर्षी बंद होत नाही. २००४ साली जर्मनीत काही तरुणांना तीन चेंडू हवेत झेलायला शिकवलं, तेव्हा तीन महिन्यांत त्यांच्या मेंदूच्या काही भागांत फरक दिसला. सराव सोडल्यावर तो ओसरू लागला. लंडनच्या टॅक्सीचालकांना परवान्यासाठी सुमारे २५,००० रस्ते पाठ करावे लागतात, त्यात तीन-चार वर्षं जातात. त्यांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे रस्ते आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागाचा, मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असल्याचं एलेनॉर मॅग्वायर यांच्या गटाने २००० साली दाखवलं. पुढे २०११ साली शिकाऊ चालकांना आधी आणि नंतर असं दोनदा तपासलं, तेव्हा परीक्षा पास झालेल्यांमध्येच ती वाढ आढळली. ही सगळी मोठी माणसं होती. योजना करणं, मोह आवरणं, लक्ष धरून ठेवणं ही कामं सांभाळणारा मेंदूचा पुढचा भाग तर विशी ओलांडेपर्यंत पक्व होत असतो. तुमच्या मुलापुढे भरपूर वर्षं आहेत.

याच अभ्यासांत आणखी एक गोष्ट आहे, जी क्लासवाले सांगत नाहीत. ते टॅक्सीचालक एक गुंतागुंतीची आकृती बघून काही वेळाने आठवणीतून काढायच्या चाचणीत इतरांपेक्षा मागे पडले. रस्त्यांची स्मरणशक्ती वाढली म्हणून सगळीच स्मरणशक्ती वाढली असं झालं नाही.

मला हे पुस्तकाच्या आधी एका रुग्णाने शिकवलं. अठ्ठावन्न वर्षांचे गृहस्थ, खाणीवर ट्रक चालवलेले. पक्षाघाताने उजवा हात गेला होता. अशा वेळी धड हात रोज काही तास मोज्यात बांधून ठेवतात आणि दुबळ्या हाताकडून काम करवून घेतात. एडवर्ड टाउब यांनी रुजवलेली ही पद्धत आहे. त्या गृहस्थांना स्वतःच्या शर्टाची बटणं लावायची होती. पहिल्या दिवशी एका बटणाला अकरा मिनिटं लागली. बटण काजापर्यंत यायचं, अंगठा निसटायचा, पुन्हा पहिल्यापासून. सहा आठवड्यांनी अख्खा शर्ट चार मिनिटांत होऊ लागला. त्यांची बायको रडली, मीही रडले. आणि त्याच संध्याकाळी त्याच हाताने पेजेचा चमचा उचलला तर अर्धी पेज ताटाबाहेर. चमच्याचा सराव आम्हाला वेगळा, पुन्हा शून्यापासून करावा लागला. मेंदू बदलतो, साठीला टेकलेल्या माणसाचाही बदलतो. पण ज्याचा सराव केला, त्या कामापुरता बदलतो. तुमच्या चौदा हजारांचा निर्णय या एका गोष्टीवर ठरतो.

आता स्मरणशक्ती. आपण हा एकच शब्द दोन निराळ्या गोष्टींसाठी वापरतो. एक, कायमचा साठा: आजीचं नाव, पाढे, आरत्या. दुसरी, आत्ता या क्षणी काम करताना मनात धरून ठेवलेलं: हातचा एक, वाक्याचा पहिला अर्धा भाग, "दुकानात जा, मीठ आण, येताना काकांना बोलाव". या दुसरीला वर्किंग मेमरी म्हणतात. मी पालकांना ती ओंजळीसारखी समजावते. ओंजळीत किती मावतं? मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली सातच्या आसपास म्हटलं होतं. नेल्सन कोवन यांनी २००१ साली सगळा पुरावा पुन्हा तपासून ते चारच्या आसपास आणलं. मोठ्या माणसाच्याही ओंजळीत चारच. मुलांची ओंजळ चौथ्या वर्षापासून चौदा-पंधराव्या वर्षापर्यंत आपोआप वाढत जाते, आणि एकाच वर्गात लहान-मोठ्या ओंजळीची मुलं शेजारी शेजारी बसलेली असतात.

मग काही माणसं इतकं कसं धरून ठेवतात? बुंदीच्या सुट्या कळ्या ओंजळीत घ्या, बोटांच्या फटींतून गळतील. त्याच कळ्यांचे लाडू वळले तर चार लाडवांत पाव किलो बुंदी सहज मावते. ओंजळ तेवढीच राहते, वळणं येतं.

याचा मला आवडणारा पुरावा १९८० सालचा आहे. अमेरिकेत एका कॉलेजच्या विद्यार्थ्याला रोज आकडे वाचून दाखवायचे आणि त्याने ते त्याच क्रमाने सांगायचे. सुरुवातीला तो तुमच्या-आमच्यासारखाच, सात आकडे; चाराऐवजी सात, कारण आकड्यांचे छोटे लाडू आपण नकळत वळतोच. सुमारे दीड-दोन वर्षांत, २३० तासांच्या सरावानंतर तो ७९ आकडे सांगू लागला. कसे? तो धावपटू होता. ३, ४, ९, २ ऐकले की त्याला ते शर्यतीची वेळ म्हणून आठवायचे, तीन मिनिटं एकोणपन्नास पूर्णांक दोन सेकंद. धावण्याच्या ज्ञानातून त्याने लाडू वळले. मग त्याला आकड्यांऐवजी अक्षरं दिली. सहा. २३० तासांनंतरही अक्षरं सहाच.

तुमच्या मुलाच्या आजोबांनी कदाचित सांगितलं असेल की पाठांतर केल्याने स्मरणशक्ती तल्लख होते. विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी हे १८९० च्या आधीच स्वतःवर करून पाहिलं. एका दीर्घ कवितेच्या १५८ ओळी पाठ करायला त्यांना सुमारे १३२ मिनिटं लागली. मग अडतीस दिवस, रोज वीस-बावीस मिनिटं, दुसरं काव्य पाठ केलं. पुन्हा पहिल्या कवितेच्या पुढच्या १५८ ओळी घेतल्या तर १५१ मिनिटं लागली. त्या वेळी आपण थकलेलो होतो, असं त्यांनी स्वतःच नमूद केलंय, त्यामुळे वाढलेल्या वेळाचं सोडा. पण वेळ कमी झाला नाही. म्हणून पाठांतर सोडू नका. जे पाठ होतं ते स्वतःच कामाचं असतं. फक्त एक पाठ केल्याने दुसरं सोपं होईल ही आशा धरू नका.

इथे माझ्या हातून झालेली चूक सांगायला हवी. २००२ ते २००८ च्या दरम्यान संगणकावरच्या सरावाने वर्किंग मेमरी वाढते, इतकंच नव्हे तर बुद्धीही वाढते, असे निष्कर्ष छापून आले. मी ते वाचून भारावले. माझ्याकडच्या मुलांना चौकोन लक्षात ठेवायचे, अक्षरं उलटी सांगायची असे खेळ आठवडेच्या आठवडे दिले. खेळातले गुण भराभर वाढले. पालक खूष, मीही खूष. मग एका मुलीच्या शिक्षिकेने फोनवर शांतपणे सांगितलं, "मॅडम, वर्गात काहीच फरक नाही हो." मी इतर मुलांच्या शाळांतही विचारलं. तेच उत्तर. २०१३ साली मेल्बी-लेर्वोग आणि ह्यूम यांनी अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, त्याचा निष्कर्षही हाच होता: सरावाच्या खेळासारख्या चाचण्यांत वाढ होते, तीही फार टिकत नाही, वाचन-गणितापर्यंत ती पोचत नाही. त्या मुलांचे तास मी घेतले, ते मला परत देता येणार नाहीत. म्हणून आता प्रत्येक पालकाला मी हे आधी सांगते. अमेरिकेत ल्युमोसिटी या मेंदूच्या खेळांच्या कंपनीला अशा दाव्यांपायी २०१६ साली २० लाख डॉलर भरावे लागले.

क्लासच्या प्रात्यक्षिकात मुलं चाळीस वस्तूंची नावं ओळीने सांगतात ना? ती फसवणूक नसते. वस्तूंची गोष्ट गुंफून, किंवा घरातल्या ओळखीच्या जागांवर एकेक वस्तू मनाने ठेवून कुणालाही ते आठवडाभरात जमतं. यादीसाठी ती युक्ती चांगली आहे. पण विज्ञानाचा धडा यादी नसतो. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचणं दाखवत असतील, मिडब्रेन जागा करतो म्हणत असतील, तर मात्र तिथून उठून या. मिडब्रेन म्हणजे मेंदूचा मधला भाग, तो जन्मापासून जागाच असतो. उजेडात बाहुली लहान होते ती त्याच्याच कामामुळे. पट्टीखालून नाकाच्या बाजूला फट राहते, तिथून खाली धरलेलं पान दिसतं. तेच पान मुलाच्या कपाळासमोर धरायला सांगून बघा.

आतापर्यंतचं थोडक्यात असं: वेळ निघून गेलेली नाही, ओंजळ व्यायामाने मोठी होत नाही, लाडू मात्र वळता येतात आणि ते ज्या विषयाचे वळाल त्याच विषयात उपयोगी पडतात. आता तुमच्या मुलाकडे वळू.

गेल्या वर्षी साधारण असाच एक मुलगा आला होता. तीन आकडे उलटे सांगताना अडला. छताकडे बघून ओठ हलवायचा, खुर्चीची कड बोटांनी दाबायचा, पहिले दोन सांगून गप्प. आई निघता निघता म्हणाली, "चवथीत घुमट वाजवतो तेव्हा कसं नाही चुकत?" चवथ म्हणजे आमची गणेशचतुर्थी, आणि घुमट म्हणजे आरतीला वाजवायचं, चामडं मढवलेलं मातीचं वाद्य. मी त्याला म्हटलं, दाखव. त्याने माझ्या टेबलावरच सुरुवात केली. उजव्या हाताच्या बोटांनी ठोके, आणि डावा तळवा हवेत उघडझाप करत होता, कारण घुमटाचं मागचं तोंड त्याच हाताने झाकायचं-सोडायचं असतं. एकापाठोपाठ तीन आरत्या, मध्ये लय बदलणं, साथीच्या शमेळ या वाद्याला जागा सोडणं, सगळं. त्याची ओंजळ लहान होती हे चाचणीने खरंच दाखवलं होतं. पण घुमटाचे लाडू त्याने चार वर्षं मांडीला मांडी लावून बसून वळले होते.

मग मी त्याच्या विज्ञानाच्या पुस्तकातलं एक वाक्य वाचायला दिलं. "द रूट्स ॲब्सॉर्ब वॉटर अँड डिझॉल्व्ड मिनरल्स फ्रॉम द सॉइल." ॲब्सॉर्बवर थांबला, जुळवून वाचलं. डिझॉल्व्डवर पुन्हा थांबला. सॉइलपर्यंत पोचल्यावर विचारलं, कोण काय करतं? त्याला रूट्स आठवेना. मग मी पुस्तक मिटून म्हटलं, "मुळं मातीतलं पाणी आणि त्यात विरघळलेले क्षार शोषून घेतात." तो लगेच म्हणाला, "म्हणून आजोबा माडाच्या बुंध्याशी मीठ घालतात?" त्याची समज शाबूत होती. त्याच्या लहान ओंजळीतल्या बहुतेक जागा इंग्रजी शब्द सोडवण्यात जात होत्या.

आपल्याकडे घरी कोकणी, चौथीपर्यंत मराठी आणि पाचवीत एकदम सगळे विषय इंग्रजीतून अशी हजारो मुलं आहेत. पाचवी ते सातवीच्या टप्प्यावर "अचानक स्मरणशक्ती गेली" म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांत ही मुलं बरीच असतात. तुमच्या मुलाबाबत माझा पहिला संशय इथेच आहे. तपासायचं सोपं आहे. त्याच्या इयत्तेचा एखादा उतारा मराठीतून वाचून दाखवा आणि प्रश्न विचारा. नंतर तेवढाच दुसरा उतारा इंग्रजीतून. मराठीत उत्तरं येतात आणि इंग्रजीत येत नाहीत, तर उपाय भाषेचा आहे: धडा आधी घरच्या भाषेत समजावून घ्यायचा, त्यातले आठ-दहा इंग्रजी शब्द आदल्या दिवशी ओळखीचे करून ठेवायचे, मग पुस्तक उघडायचं. दोन्ही भाषांत सारखंच अडतं, तर पुढे तपासावं लागेल.

पण त्याच्याही आधी शरीर. डोळे आणि कान तपासा. फळ्यावरचं अर्धवट दिसणारा मुलगा वर्गात "लक्ष न देणारा" ठरतो. हिमोग्लोबिन आणि थायरॉईड डॉक्टरांना विचारून घ्या. झोप मोजा. या वयाच्या मुलाला किमान नऊ तास लागतात. ट्यूशन, जेवण, मोबाईल करून अकराला झोपणारा आणि शाळेसाठी सहाला उठणारा मुलगा रोज दोन तासांच्या तोट्यात असतो, आणि दिवसा शिकलेलं पक्कं व्हायला झोपच लागते. माझ्या अनुभवात नुसती झोप सुधारल्याने चाचणीची गरजच न उरलेली मुलं आहेत.

मोबाईलचं कोडं तुम्हाला छळतंय, ते समजतं. गेममध्ये काय करायचं ते पडद्यावरच दिसतं, मनात काही धरून ठेवावं लागत नाही, आणि दर दोन-चार सेकंदांनी शाबासकी मिळते. गणितात यातलं काहीच नसतं. म्हणून गेमवर दोन तास बसतो यावरून त्याचं लक्ष उत्तम आहे असंही ठरत नाही आणि तो अभ्यासाला आळशी आहे असंही नाही. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा यांचा विकार, असलेली मुलंही गेममध्ये अशीच गढून जातात. ती शंका कधी घ्यायची? विसरणं, अर्धवट सोडणं, चुळबुळ हे घरी आणि शाळेत दोन्हीकडे आहे, सहा महिन्यांहून जास्त आहे, आणि इंग्रजी सुरू होण्याआधी, पहिली-दुसरीतही होतं. तसं असेल तर बांबोळीच्या मनोविकार संस्थेत किंवा जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. औषध लागतं की नाही ते त्यांना ठरवू द्या. नावाला घाबरू नका. वेळेवर ओळखलं गेलेलं मूल फार सावरतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

घरात आजपासून करता येण्यासारखं सांगते. काम एक सांगा, ते त्याच्याकडून परत वदवून घ्या, ते झाल्यावर दुसरं. तीन सांगायचीच असतील तर कागदावर लिहा, कागद ही त्याची जादा ओंजळ. अभ्यासाच्या वेळी मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा, तुमचाही. एका कामावरून मन काढून दुसऱ्यावर नेलं तरी पहिल्याचा अंश मनात घोटाळत राहतो, आणि लहान ओंजळीला तो अंश महाग पडतो. सलग पंधरा मिनिटांपासून सुरुवात करा.

पाढे तोंडपाठ करून घ्या, रोज पाच मिनिटं, ओरडा न करता. साताठ्ठे छप्पन्न ज्याला आपोआप येतं त्याची ओंजळ गणितासाठी मोकळी राहते. ज्याला सात-सात मिळवत जावं लागतं, तो छप्पन्नपर्यंत पोचतो तोवर आपण गुणत कशासाठी होतो हेच निसटलेलं असतं. "अर्ध्यावर हरवतो" असं तुम्ही लिहिलंय, ते बहुतेक हेच असावं.

आणि वाचलेलं पुन्हा पुन्हा वाचायला लावू नका. धडा एकदा वाचून पुस्तक मिटायचं आणि तुम्हाला सांगायचं, कोकणीत सांगितलं तरी चालेल. अडेल तिथे पुस्तक उघडायचं. दोन दिवसांनी पुन्हा, आठवड्याने पुन्हा. रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ साली हे पडताळलं: पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने विचारल्यावर आठवून सांगणारे बरेच पुढे गेले. पुन्हा वाचल्यावर येतंय असं वाटतं, आणि पेपरच्या दिवशी येत नाही, ते यामुळे.

चवथीला गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधतात, तिचं सामान घरात कोण सांगतं? बहुतेक आजी. कवंडळ, घागऱ्या, आंबाडे, माट्टी, सुपारीची कातरी, कागद न बघता तीस-चाळीस नावं. या चवथीला मुलाला तिच्याबरोबर बाजारात पाठवा, आणि ती आठवते कशी ते तिलाच विचारायला सांगा. झाडाप्रमाणे, रानाप्रमाणे, की माटोळीवर बांधायच्या जागेप्रमाणे. तिचे लाडू तिने कसे वळले ते त्याला दिसेल, आणि मग विज्ञानाच्या धड्याचे वळायला तुम्ही त्याच्याजवळ बसा.

रविवारची मुदत जाऊ द्या. सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घ्या, आठवडाभर त्याच्या झोपण्या-उठण्याची वेळ वहीत लिहा आणि ते दोन उतारे करून बघा. त्यातून काय दिसलं ते इथे लिहिलंत तर पुढचं मी सांगेन.